दैनंदिन मालिकेचे संवाद लिहिताना: नव्या लेखकासाठी कामाची पद्धत

दैनंदिन मराठी मालिकेचे संवाद लिहिण्याचे काम मिळाले, की पहिल्या काही दिवसांतच कळून चुकते की इथे सुचण्याची वाट पाहत बसण्याची सोय नाही. अर्ध्या तासाच्या प्रक्षेपणासाठी जाहिराती वजा जाता साधारण २० ते २२ मिनिटांचा भाग लागतो, मालिका आठवड्यातून सहा आणि काही वेळा सातही दिवस दाखवली जाते, आणि चित्रित होऊन तयार असलेल्या भागांचा साठा, ज्याला या क्षेत्रात ‘बँक’ म्हणतात, तो चांगल्या काळात आठ-दहा भागांचा आणि वाईट काळात एखाद-दुसऱ्या भागाचा असतो. अशा स्थितीत वेळेवर पाने पाठवणे ही निम्मीच गोष्ट झाली, कारण त्याच स्वयंपाकघरात, त्याच सहा माणसांमध्ये, तेच गैरसमज रोज लिहीत असताना ती पाने कलाकाराला बोलावीशी वाटली पाहिजेत. या क्षेत्रात थकून बाहेर पडलेल्या लेखकांना कल्पनाशक्ती कमी होती असे मला कधी वाटले नाही. ‘काय लिहायचे’ आणि ‘कसे लिहायचे’ हे दोन्ही प्रश्न ते रोज एकाच वेळी, कोऱ्या पानासमोर बसून सोडवत होते. पहिला प्रश्न लिहायला बसण्यापूर्वीच निकालात काढायचा, ही पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागची भूमिका आहे.

आपल्या हातात काय आहे, ते आधी पाहावे

मालिकेच्या श्रेयनामावलीत बहुधा कथा, पटकथा आणि संवाद अशी वेगवेगळी नावे असतात. कथालेखक पुढच्या काही महिन्यांचा ट्रॅक, म्हणजे कथेचा प्रवास, ठरवतो, पटकथालेखक त्याचे भाग आणि सीन पाडतो, वाहिनीच्या आणि निर्मितीसंस्थेच्या क्रिएटिव्ह मंडळींनी तो आराखडा मंजूर केला, म्हणजे लॉक केला, की तो संवादलेखकाकडे येतो. नवीन लेखक येथे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण कथाच पटलेली नाही म्हणून प्रत्येक सीनमध्ये ती दुरुस्त करू पाहतात आणि आठवडाभरात सर्वांशी वाद ओढवून घेतात. काही जण सीनच्या आराखड्यातील वाक्येच अवतरणचिन्हांत घालून पाठवतात.

पात्रे कोणती, जागा कोणती, सीन संपताना प्रेक्षकाला काय कळलेले असले पाहिजे आणि भागाचा हुक, म्हणजे प्रेक्षकाला पुढच्या भागासाठी अडकवून ठेवणारा क्षण, कुठे आहे, या गोष्टींना संवादलेखकाने परस्पर हात लावू नये, कारण त्यांच्यावर कलाकारांच्या तारखा आणि पुढच्या भागांची जुळणी अवलंबून असते. मात्र सीन नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, त्या वेळी माणसे काय करत असतात, पहिले कोण बोलते, विषय कोणत्या निमित्ताने निघतो आणि कोणती गोष्ट कोणीच बोलून दाखवत नाही, हा सगळा प्रदेश त्याचा आहे आणि तो चांगलाच मोठा आहे.

पहिला आठवडा: मालिका पाहणे आणि पात्रांची वही

चालू मालिकेत दाखल होत असाल, तर पहिले दहा भाग, अलीकडचे वीस भाग आणि मधले मोठे प्रसंग पाहून घ्यावेत. पाहताना प्रत्येक पात्रासाठी वहीत एक पान ठेवावे. त्यात स्वभावाची विशेषणे लिहू नयेत, कारण ‘प्रेमळ पण करारी’ या नोंदीतून एकही वाक्य लिहिता येत नाही. त्याऐवजी हे पात्र कोणाला काय म्हणून हाक मारते, कोणाला अहो-जाहो करते, चिडल्यावर आवाज चढवते की गप्प होते, कोणता शब्द त्याच्या तोंडी कधीच येणार नाही, याची नोंद करावी. मराठी कुटुंबात ‘अहो’चे ‘अरे’ होणे किंवा थोरल्या जावेला ‘ताई’ म्हणणाऱ्या धाकटीने एके दिवशी ‘वहिनी’ म्हणणे ही आपल्या जागी मोठी घटना असते, आणि ती चुकून घडली तर सेटवरच्या कलाकाराच्या आधी घरचा प्रेक्षक ती पकडतो.

मालिका एखाद्या विशिष्ट भागात घडत असेल, तर बोलीसाठी वेगळी तयारी करावी लागते. ‘आहे’चे ‘हाय’ आणि ‘नाही’चे ‘न्हाई’ केले की ग्रामीण भाषा झाली, या समजुतीने पुष्कळ संवाद बेचव झाले आहेत. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असे स्वतःबद्दल बोलतात, वऱ्हाडात ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिली’ अशी क्रियापदे येतात, मालवणीत प्रश्न ‘खंय’ आणि ‘कित्याक’ने विचारला जातो, वाक्याची ही ठेवण एकदा कानात बसली की उच्चार बदलून लिहिण्याची गरजच फारशी उरत नाही. त्या भागातले कलाकार, स्पॉटदादा (सेटवरचे मदतनीस), हेअरड्रेसर सेटवर असतात. त्यांना विचारण्यात कमीपणा मानू नये.

प्रत्येक सीनला लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा, असे माझे मत आहे, कारण पुढे जो वेळ वाचतो तो इथेच वाचतो. आराखडा हाती आला की लगेच टंकलेखनाला बसू नये. भागात सहा ते नऊ सीन असतील, तर प्रत्येक सीनसमोर पेन्सिलने तीन उत्तरे लिहावीत: या क्षणी कोणाला कोणाकडून काय हवे आहे, ते सरळ मागता का येत नाही, आणि त्या वेळी हात कशात गुंतलेले आहेत. तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण घरातल्या माणसांचे बहुतेक महत्त्वाचे बोलणे काहीतरी करता करता होते, आणि समोरासमोर उभे राहून एकमेकांना भावना सांगणारी दोन माणसे मालिकेखेरीज फारशी कुठे दिसत नाहीत.

उदाहरण घेऊ. समजा आराखड्यात एवढेच आहे: ‘सून घरी येऊन नोकरी लागल्याचे सांगते. सासू नाराज. सून दुखावते.’ आळसावलेल्या लेखकाच्या हातून येथे सासू म्हणेल, ‘या घराच्या सुना नोकरी करत नाहीत’, सून म्हणेल, ‘आई, पण माझी स्वप्नं?’, आणि पार्श्वसंगीत उरलेले काम करील. आता तीन प्रश्न विचारू. सासूला सुनेने घरात राहावे एवढेच हवे आहे की आपल्याला आधी विचारायला हवे होते, असे वाटते? दुसरे उत्तर निवडले तर ते सरळ मागता येत नाही, कारण मागितले की मान मागून घेतल्यासारखा होतो. हात कशात आहेत? घर अलिबाग-पेणकडचे आहे. सासू बिरड्यासाठी, म्हणजे वालाच्या उसळीसाठी, मोड आलेले कडवे वाल सोलत बसली आहे.

‘आई, मला नोकरी लागली.’
‘बरं झालं. ताट घे, थोडे तू सोल. मोड लांबलेत.’
‘सोमवारपासून जायचं आहे.’
‘सोमवारपासून.’ (सोलत राहते.) ‘ह्याला माहीत असेल.’
‘काल रात्री बोलले मी त्यांच्याशी.’
‘हो, मग झालंच की. डब्याला बिरडं नको हो नेऊ. हापिसात वास येतो म्हणतील.’

वाहिनीला हवी असलेली नाराजी येथे आहे, सून दुखावली जाते तीही आहे, परंतु सासू एकदाही ‘नाही’ म्हणालेली नाही. ‘काल रात्री’ या दोन शब्दांत खरी कळ आहे आणि कलाकाराला ती शोधायला जागा मिळते. शिवाय पुढच्या भागांसाठी दोन धागे फुकट हाती आले: नवऱ्याला आधी कळले हा, आणि डब्याचा. पंधरवड्याने सासूने न सांगता डब्यात बिरडे भरून दिले, तर समेटाचा एक सीन जवळजवळ स्वतःहून लिहून होतो. रोजच्या लेखनात असे धागे सोडून ठेवणे आणि ते वहीच्या शेवटच्या पानावर टिपणे ही सवय लावावी. ज्या दिवशी डोके चालत नाही, त्या दिवशी हेच पान उपयोगी पडते.

सगळ्याच सीनवर इतकी मेहनत घेता येत नाही आणि घेऊही नये. दर भागात एक किंवा दोन सीन असे निवडावेत की ज्यांच्यावर आपण खरोखर जीव लावणार आहोत. बाकीचे स्वच्छ, आटोपशीर आणि वेळेवर असले म्हणजे पुरे. ‘गाडी लागली आहे, चला’ या सीनमध्ये अर्थ भरू पाहणारा लेखक स्वतःही दमतो आणि प्रेक्षकालाही दमवतो.

साठा: ऐकलेल्या बोलण्याची वही

पात्रांच्या वहीखेरीज दुसरी एक वही ऐकलेल्या बोलण्यासाठी असावी. त्यात सुविचार, कल्पना, ‘छान प्रसंग’ असे काही भरू नये. फक्त माणसे प्रत्यक्ष बोलली ती वाक्ये आणि ती कोणत्या कामात असताना बोलली, एवढेच. एसटीच्या वाहकाने सुट्ट्या पैशांवरून केलेला वाद, सहकारी बँकेच्या खिडकीवर पेन्शनची चौकशी करणाऱ्या आजोबांची विनवणी, लग्नाच्या हॉलच्या मागच्या बाजूला केटररला धरून चाललेले मामांचे बोलणे, औषधाच्या दुकानात हळू आवाजात विचारलेला प्रश्न. ही नोंद त्याच दिवशी करावी, कारण दुसऱ्या दिवशी आपण ते वाक्य नकळत आपल्या भाषेत सुधारून टाकतो आणि मग ते निरुपयोगी होते. ओळखीच्या माणसाची खाजगी गोष्ट मात्र तशीच्या तशी पडद्यावर नेऊ नये. वाक्याचा घाट घ्यावा, घटना घेऊ नये.

काम वाढले की पहिल्यांदा बाहेर जाणे बंद होते, आणि नेमके तेव्हाच संवाद इतर मालिकांसारखे होऊ लागतात. म्हणून आठवड्यातून एक सकाळ बाजारात, बसमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर घालवणे हा कामाचाच भाग समजावा. घरच्यांना हे पटवून देणे थोडे अवघड जाते.

दिवसाची आखणी

सीन क्रमाने चित्रित होत नाहीत. एकाच जागेतील तीन-चार भागांचे सीन एकत्र केले जातात, त्यामुळे तुमच्या दृष्टीने भागातला शेवटचा असलेला सीन सेटवर सकाळी सर्वांत आधी लागू शकतो. आदल्या दिवशी दुपारी सहायक दिग्दर्शकाकडून दुसऱ्या दिवसाचा क्रम विचारून घ्यावा आणि त्याप्रमाणे लिहावे. रात्री अकरा वाजता येणारे निम्मे फोन यामुळे वाचतात.

ताज्या डोक्याचे पहिले दोन-तीन तास निवडलेल्या अवघड सीनसाठी ठेवावेत आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत असावा. दहा-साडेदहानंतर सेटवरून आणि वाहिनीकडून चौकशा सुरू होतात. तो वेळ साधे सीन, दुरुस्त्या आणि पुढच्या आराखड्यावरची पेन्सिल यांसाठी योग्य असतो. दुसऱ्या दिवशीच्या सीनची तीन उत्तरे आज संध्याकाळी लिहून ठेवली असतील, तर सकाळी कोरे पान समोर येतच नाही. थांबताना सीन पूर्ण करूनच थांबावे असा आग्रह धरू नये. पुढचे वाक्य माहीत असताना उठले, तर दुसऱ्या दिवशी बसणे सोपे जाते.

प्रत्येक सीन मोठ्याने वाचून, घड्याळ लावून पाहावा. आपण वाचतो ते कलाकाराच्या बोलण्यापेक्षा जलद असते आणि न बोलता होणाऱ्या हालचालींचा वेळ पानावर दिसत नाही, म्हणून वाचनाला लागलेल्या वेळेत थोडी भर घालूनच अंदाज करावा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, कारण जुन्या फॉन्टमधली फाइल सेटवरच्या फोनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात. आणि फाइलच्या नावात भागाचा क्रमांक, सीनचा क्रमांक व दुरुस्ती कितवी आहे हे असावे. कलाकाराने कालची प्रत पाठ केली, यासारखी मनस्ताप देणारी गोष्ट दुसरी नाही.

सणांसाठी घरात दिनदर्शिका हवी. गणपती, वटपौर्णिमा, मंगळागौर, संक्रांत यांचे भाग मालिकेत हमखास असतात आणि ते सणाच्या बरेच आधी लिहावे लागतात. अधिक मासाच्या वर्षी तारखा फसवतात: २०२२ साली गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, तर २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलै ते १६ ऑगस्ट असा आल्यामुळे मंगळागौरी त्यानंतरच्या निज श्रावणात गेल्या आणि गणपती १९ सप्टेंबरला आले. वर्षाच्या सुरुवातीलाच या तारखा काढून त्यांच्यासमोर पात्रांची त्या वेळची स्थिती कल्पून ठेवली, तर दरवर्षी तीच आरती आणि तोच प्रसादाचा सीन लिहिण्याची वेळ येत नाही.

सूचना आल्यावर काय करावे

वाहिनीकडून किंवा दिग्दर्शकाकडून येणाऱ्या सूचनेत बहुधा दोन गोष्टी एकत्र असतात: काय खटकले आणि काय करावे. पहिली गोष्ट जवळजवळ नेहमी खरी असते, दुसरी पुष्कळदा नसते. ‘इथे तिला रडवा’ असे सांगितले गेले, तर सीनमध्ये भावना पोहोचत नाही हे समजून घ्यावे आणि ती कुठे अडली ते शोधावे; कदाचित आधीचे एक वाक्य काढले की तेच घडेल. आपला पर्याय दोन ओळींत लिहून पाठवावा आणि सांगितलेली आवृत्तीही बाजूला तयार ठेवावी. वाद फोनवर घालू नये, कारण फोनवर वाक्ये वाचून दाखवता येत नाहीत आणि मग केवळ कोणाचे पद मोठे याचीच चर्चा होते.

आपल्या वाक्यासाठी किती अडून बसायचे? आठवड्यातून एखाद्याच वाक्यासाठी, आणि तेही त्या पात्राच्या तोंडी ते शोभत नाही एवढ्याच कारणासाठी. ‘मला आवडत नाही’ हे कारण पुरे पडत नाही.

बेत मोडतो तेव्हा

कलाकार आजारी पडतो, पाऊस अंगणातला सीन घरात आणतो, लग्नाचा हॉल मिळत नाही. एप्रिल २०२१मध्ये तर राज्यातील निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरणच थांबले, अनेक मराठी मालिकांनी आपले बिऱ्हाड गोव्यात आणि इतर राज्यांत हलवले, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला गोव्यातील परवानग्याही रद्द झाल्या. ज्यांच्या कथेत वाडा होता त्यांना काही दिवसांत ती माणसे परक्या बंगल्यात का आहेत, याचे कारण द्यावे लागले.

अशा वेळी नवा लेखक पहिल्यांदा कारण समजावून सांगणारे संवाद लिहितो, आणि पात्रे एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात. त्याऐवजी अडचण पात्राच्या अंगावर टाकावी. परक्या घरात गेलेल्या बाईला साखरेचा डबा सापडत नाही, सकाळी पूजेला देव नाहीत, झोपायच्या जागा बदलल्यामुळे जी दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती ती एका खोलीत येतात. कारण एका वाक्यात उरकावे आणि गैरसोय चार सीन वापरावी. याची पूर्वतयारी म्हणून दोन पात्रे आणि एक खोली एवढ्यावर भागणारे चार-पाच सीन नेहमी लिहून ठेवावेत, जे ट्रॅकच्या कोणत्याही टप्प्यावर थोड्या बदलाने बसू शकतील. निर्मितीसंस्थेला तुमच्या प्रतिभेपेक्षा हे सीन अधिक आवडतात.

गुरुवारचे आकडे

प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे गुरुवारी येतात आणि ते शनिवार ते शुक्रवार अशा आधीच्या आठवड्याचे असतात. म्हणजे गुरुवारी ज्या भागांबद्दल बोलले जाते, ते लिहून तुम्हाला बहुधा दोन-तीन आठवडे झालेले असतात. आकडा घसरला म्हणून त्याच दिवशी लिहीत असलेल्या सीनमध्ये आरडाओरडा वाढवण्यात काही हशील नाही. वेळ, समोरची मालिका, क्रिकेटचा सामना, ट्रॅक या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शक्य असेल तर गुरुवारी अवघड सीन लिहायला घेऊ नये.

करार, मानधन आणि रजा

काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार घ्यावा. त्यात दर भागाचे मानधन, श्रेयनामावलीतील नाव, लिहून घेतलेल्या पण चित्रित न झालेल्या भागाचा मोबदला आणि काम थांबवायचे झाल्यास दोन्ही बाजूंनी किती दिवसांची पूर्वसूचना, हे मुद्दे असावेत. भाग प्रसारित झाल्यानंतर ९० दिवसांनी पैसे मिळण्याची पद्धत या क्षेत्रात सर्रास आढळते, त्यामुळे पहिल्या तीन-चार महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी करावी. घरभाड्याच्या चिंतेत विनोदी सीन लिहिणे फार कठीण जाते. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन आपली स्वतंत्र कथा किंवा संकल्पना ऑनलाइन नोंदवता येते. नुसत्या कल्पनेला कॉपीराइटचे संरक्षण मिळत नाही, म्हणून नोंदणीपूर्वी ती शक्य तेवढी सविस्तर लिहून काढावी.

रजा बँक वाढलेली असतानाच घ्यावी आणि ती मागताना संकोच करू नये. महिनोन्महिने एकट्याने लिहिणारा लेखक वेगाने लिहू लागतो हे खरे, पण त्याची सगळी पात्रे हळूहळू त्याच्यासारखीच बोलू लागतात, आणि हे त्याला स्वतःला सर्वांत शेवटी कळते. बदली लेखकाला पात्रांची वही, सोडलेल्या धाग्यांचे पान, चालू आठवड्याचे चित्रीकरणाचे क्रम आणि प्रत्येक मुख्य पात्राचा एक चांगला सीन नमुना म्हणून द्यावा. परत आल्यावर त्याने लिहिलेले भाग आधी नीट पाहावेत. एखाद्या पात्राच्या तोंडी त्याने नवा लकबीचा शब्द घातला असेल आणि कलाकाराने तो उचलला असेल, तर तो वहीत नोंदवून पुढे चालू ठेवावा.